करंटा कोण, सदेव कोण?

मराठी भाषेत दैवाला नावांची वाण नाही. दैव, नशीब, प्रारब्ध, ललाटलेख, ग्रहदशा, योग, पायगुण, हातगुण, घातवार, साडेसाती, ही नामावळी कितीही लांबविता येईल. प्रयत्नाचे शब्दही आपल्याकडे थोडे नाहीत. फरक इतकाच की प्रयत्नाचे शब्द आपण दुसऱ्याला उपदेश करताना वापरतो आणि दैवाचे शब्द स्वतःचा हिशेब देताना. शेजाऱ्याचा मुलगा नापास झाला तर त्याने अभ्यास केला नाही. आपला झाला तर त्याचे ग्रह बरे नव्हते. या सोयीस्कर व्यवहारात समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात एक फार मोठी अडचण उभी करून ठेवली आहे. दैवाच्या नामावळीतलेच दोन शब्द, 'करंटा' आणि 'सदेव', त्यांनी उचलले आणि त्यांत असा अर्थ भरला की ते शब्द उच्चारताना माणसाने आकाशाकडे पाहण्याऐवजी स्वतःच्या हातांकडे पाहावे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील हा अर्थबदल प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्या आयुष्यातील कितीतरी गोष्टी आपल्याला न दिसणाऱ्या टेबलावर ठरतात. बदलीचा हुकूम येतो. तो का आला, आताच का आला, याच गावी का, हे सहसा कळत नाही. जेथे कारण दिसत नाही तेथे मन खुणा शोधू लागते. ट्रोब्रियांड बेटांवरील कोळ्यांविषयी मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की यांनी असे नोंदविले आहे की, शांत खाडीत मासे मारायला जाताना ते लोक मंत्रतंत्राच्या वाटेस जात नसत. पण खुल्या समुद्रावर निघाले की विधींची रीघ लागे. म्हणजे शकुन हा मूर्खपणापेक्षा भीतीतून अधिक जन्मतो. तेव्हा त्याची नुसती चेष्टा करून भागणार नाही. भ्यालेल्या माणसाच्या हाती दुसरे काही दिले पाहिजे. समर्थांनी काय दिले, ते पाहू.

आम्ही राहतो ते बेंगळूरचे शिवाजीनगर, जुन्या लष्करी छावणीतील ब्लॅकपल्ली. ज्या गावी १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती, त्या गावात शिवरायांचे नाव मिरविणारी ही पेठ आहे. येथील रसेल मार्केटात लिंबे रचलेली असतात, त्यांतली किती सरबतासाठी जातात आणि किती नव्या गाडीच्या चाकाखाली, हे सांगता येणार नाही. बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून उग्र चेहरा रंगविलेला कोहळा टांगतात. आयुधपूजेला तोच कोहळा रस्त्यावर फोडतात आणि त्याच्या फोडींवरून मागचा दुचाकीस्वार घसरतो. येथील दिनदर्शिकेत राहुकाळ ठळक छापलेला असतो. त्याचे प्रचलित कोष्टक घेऊन आम्ही हिशेब केला: मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, शुक्रवारी साडेदहा ते बारा. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात कचेरीच्या वेळेतले सहा तास अशुभ ठरतात. त्या सहा तासांत टपाल येते, टिपणी लिहिली जाते, देयके मंजूर होतात. राहुकाळात मंजूर झालेला महागाई भत्ता कोणी परत केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

हा दोष एका प्रांताचा आहे असे कोणी समजू नये. राहुकाळाला हसणारा आपला मराठी माणूसही अमावास्येला नव्या जागेचा कार्यभार घ्यायला नाखूष असतो आणि शनिवारी तेल विकत घेत नाही.

आता दासबोध. वीस दशके, प्रत्येकाचे दहा समास, असा दोनशे समासांचा हा ग्रंथ समर्थांनी सांगितला व कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. मराठी माणूस दक्षिणेत उतरला तेव्हा हा ग्रंथही त्याच्याबरोबर उतरला. तंजावरास रामदासी मठ उभे राहिले ते याच ओघात. ग्रंथातील एकोणिसाव्या दशकाचे नाव 'शिकवण'. या दशकातील समासांचा क्रम आपण नीट पाहत नाही, आणि आमच्या मते सारे मर्म त्या क्रमात आहे. पहिला समास लेखनक्रियेचा. दुसरा विवरणाचा. तिसरा करंटलक्षणांचा, चौथा सदेवलक्षणांचा. पुढे बुद्धिवाद, यत्न, राजकारण व विवेक हे विषय येत जातात. भाग्य-अभाग्याची चर्चा करावयास निघालेला ग्रंथकार सुरुवात करतो ती अक्षर कसे काढावे येथून! ग्रहांपासून नाही, पूर्वजन्मापासून नाही.

पहिल्या समासातील सूचना कोणाही कारकुनाला आपल्याच वाटाव्यात अशा आहेत. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. ओळी मोत्यांच्या सरांसारख्या निघाव्यात. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत निघावे, पाहणाराला सारे एकाच टाकाने लिहिले असे वाटावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, मध्यम लिहावे. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. बोरू, चाकू, शाई यांचीही व्यवस्था सांगितली आहे. मोक्षाची वाट दाखविणारा संत समास सोडायला सांगतो, याचे हसू येण्यासारखे आहे. पण ज्याने कडा झिजलेल्या जुन्या नस्तीतील अर्धवट शब्द लावण्यात दुपार घालविली आहे, त्याला हसू येणार नाही. समास सोडणे म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या, आपण कधी न पाहिलेल्या माणसाची काळजी घेणे होय.

आणि मग करंटलक्षण येते. 'लक्षण' हा प्रकार जुना आहे. सामुद्रिकात भाग्यवंताची लक्षणे असतात. पण ती कोठे असतात? तळहाताच्या रेषेत, कपाळाच्या रुंदीत, अंगावरच्या तिळात. म्हणजे माणसाला जी बदलता येत नाहीत अशी. समर्थांनी लक्षणांची यादी हा साचा तेवढा घेतला आणि आतला ऐवज पार बदलला. त्यांच्या करंट्याच्या अंगावर एकही तीळ नाही. तो आळशी आहे, झोपाळू आहे, विसराळू आहे. वस्तू हरवतो, सांडतो, फोडतो. त्याला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, सौदासूत कळत नाही, हिशेब ठेवता येत नाही. सारी लक्षणे क्रियापदांची आहेत. दोन्ही समास शेजारी ठेवून वाचले तर आणखी एक गोष्ट दिसते. करंट्याच्या वर्णनात 'नेणे' हे क्रियापद पुनःपुन्हा येते आणि सदेवाच्या वर्णनात त्याच्या जागी 'जाणे' येऊन बसते. एकाला लिहिता येत नाही. दुसरा सुंदर अक्षर लिहू जाणतो, चपळ व शुद्ध वाचू जाणतो, अर्थ उलगडून सांगू जाणतो. अभाग्य आणि भाग्य यांतील अंतर समर्थांनी 'नेणे'पासून 'जाणे'पर्यंत आणून ठेवले. हे अंतर शिकून तोडता येते.

या समासाच्या प्रारंभीच समर्थ बजावतात की ही लक्षणे ऐकावीत आणि टाकावीत. ती टाकली की सदेवपण अंगी बाणते. टीकाकारांनी या एका सूचनेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते असे आम्हांस वाटते. ज्योतिषाने सांगितलेले लक्षण टाकता येत नाही, त्याची शांत करता येते. शांत केल्यावर ग्रह तेथेच असतो, पुढल्या वर्षी पुन्हा दक्षिणा मागायला. समर्थांचे लक्षण मात्र टाकले की गेले. 'सदेव' या शब्दाचा सरळ अर्थ दैवासह असलेला, दैववान. तो शब्द कायम ठेवून त्याचा अर्थ जर 'नीट काम करणारा' असा केला, तर दैवाला वेगळी खोली उरत नाही; ते कर्त्याच्याच घरात राहायला येते.

आपल्याकडे मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते अशी समजूत आहे. या चालीत एक कोवळीक आहे. पूर्वीच्या काळी किती मुले त्या पहिल्या आठवड्यात दगावत हे आठवले म्हणजे त्या रात्रीच्या जागरणाला हसवत नाही. परंतु लेखणी सटवाईच्या हातात आणि कपाळ मुलाचे, ही वाटणी मात्र मोठेपणीही सुटत नाही. दासबोधाच्या या दशकात प्रथम लेखणी हातात दिली जाते आणि नंतर भाग्याची गोष्ट निघते. समर्थांच्या मनात सटवाई होती असे आमचे म्हणणे नाही. तसा आधार नाही. पण मराठी घरात वाढलेला वाचक हा दशक वाचतो तेव्हा ती लेखणी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली त्याला दिसल्यावाचून राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, शकुन पाळले म्हणून बिघडले कोठे? लिंबू दोन रुपयांचे, मिरच्या चार. बिघडते ते लिंबात नाही. दैवाची भाषा माणसांना चिकटते तेव्हा बिघडते. लग्नानंतर सहा महिन्यांत सासऱ्याचे आजारपण निघाले की सून 'पांढऱ्या पायाची' ठरते. विधवेला हळदीकुंकवाच्या समारंभातून दूर ठेवतात. कचेरीतसुद्धा एखाद्याच्या येण्यानंतर तपासणी लागली की त्याचा पायगुण काढतात आणि तपासणीत सापडलेल्या चुका कोणाच्या होत्या हा प्रश्न मागे पडतो. या माणसांनी करायचे काय? पाय तर बदलता येत नाहीत. समर्थांच्या व्याख्येने पाहिले तर त्या सुनेच्या अंगी करंटेपणाचे एकही लक्षण नाही. आणि पहाटे उठून तिने चालविलेल्या संसारात बसून तिला नावे ठेवणाऱ्यांच्या अंगी मात्र बरीच आहेत. शब्दाची व्याख्या बदलली की आरोपी बदलतो. साहित्याने समाजाला दिलेला न्याय तो हाच.

एवढे गुणवर्णन झाल्यावर उणे सांगणे टीकेचे कर्तव्य आहे. पहिली गोष्ट, सदेवलक्षणांच्या आरंभी समर्थ उपजत गुणांचाही उल्लेख करतात. म्हणजे सारेच शिकून येते असा त्यांचा दावा नाही, आणि ते खरेही आहे. दुसरी गोष्ट अधिक जड आहे. लेखनक्रियेचा समास उघडतो तो ब्राह्मणाला उद्देशून. बाळबोध अक्षर घडसून सुंदर करण्याचा उपदेश त्याला आहे. मग ज्याला लेखणीच नाकारली गेली, त्याला 'लिहू नेणे' हे करंटेपणाचे लक्षण कसे लावायचे? ज्याला पाठशाळेच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, तो वाचू जाणत नाही याचा दोष त्याचा नव्हे. पापातून दारिद्र्य आणि दारिद्र्यातून पाप, हे चक्र समर्थांनी करंटलक्षणाच्या समासात ओळखले आहे. पण त्या चक्रात काही माणसांना कोणी बसविले, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

तो प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारला. १८५५ साली त्यांनी लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक या विषयावरील मराठीतील एक मोलाची कृती आहे. एक जोशी गरोदर कुणबी बाईच्या दारी येतो. पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे असे भय घालतो. भय एकदा मनात शिरले की बाकीचे काम सोपे. अनुष्ठान, तूप, ब्राह्मणभोजन अशी यादी वाढत जाते आणि गरीब नवराबायको कर्जाच्या खाईत उतरतात. पाद्री त्यांच्याशी वाद घालतो, विदूषक मधूनमधून प्रेक्षकांच्या मनातले बोलून दाखवितो. आणि शेवटी ते जोडपे शांतीच्या वाटेला न जाता जोतीराव व सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचे ठरविते. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलेले हे नाटक स्वीकारले गेले नाही, आणि ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. नाट्यरचना म्हणून त्यात उणिवा आहेत. संवाद जागोजागी व्याख्यान होतात. पण त्याचा शेवट जेथे होतो ते ठिकाण पाहावे. समर्थांचा दशक लेखणीपासून सुरू होतो, जोतीरावांचे नाटक शाळेपाशी संपते. 'नेणे'पासून 'जाणे'पर्यंतची वाट समर्थांनी दाखविली. त्या वाटेवरचे कुलूप जोतीरावांनी दाखविले. एक ग्रंथ वाचून दुसरा बाजूला ठेवणारा वाचक अर्धाच विषय शिकतो.

आता श्रद्धेविषयी. शकुनावर टीका केली की श्रद्धेवर घाला घातला असा गवगवा होतो. पण आपल्या परंपरेत शकुनाचे सर्वांत कठोर टीकाकार श्रद्धावंतच आहेत. तुकोबांनी नवसाने मुले होतात या समजुतीची जी थट्टा केली तिच्यापुढे आधुनिक बुद्धिवादी सौम्य वाटतील. आणि हृदयात देवाचे चिंतन असणे हाच सगळा शकुन, असेही त्यांनीच सांगितले. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी हातात खराटा घेत. कर्नाटकात बाराव्या शतकातील शरणांनी कायकाचा, म्हणजे स्वतःच्या श्रमाचा, जो विचार मांडला त्यात काम आणि पूजा यांच्यामध्ये भिंतच नाही. आमच्या शिवाजीनगरात सेंट मेरीच्या बॅसिलिकेत ८ सप्टेंबरच्या सणाला निरनिराळ्या धर्मांचे लोक दाटी करून येतात. त्यांत नवस बोलणारे असतील, नुसते मन हलके करायला आलेलेही असतील. कोणाच्या मनात काय आहे हे बाहेरून कळत नाही. कसोटी एकच लावता येते, आणि ती प्रत्येकाने आपापली लावायची आहे: देवळातून, दर्ग्यातून वा चर्चमधून बाहेर पडल्यावर माझ्या वाट्याचे काम मला अधिक आपलेसे वाटते, की ते दुसऱ्या कोणावर सोपवून आलो असे वाटते? पहिली श्रद्धा, दुसरी केवळ देवघेव.

या कसोटीचे मोठे उदाहरण शिवाजीनगरापासून फार दूर नाही. केंगल हनुमंतय्यांच्या कारकिर्दीत बांधलेल्या आणि १९५६ साली पूर्ण झालेल्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर, सरकारचे काम हे देवाचे काम आहे अशा अर्थाचे वचन कानडी व इंग्रजी अक्षरांत कोरलेले आहे. कायकाच्या भूमीला शोभेल असेच ते वचन आहे. आणि त्याच इमारतीत मुख्यमंत्र्यांच्या दालनाचा एक दरवाजा वास्तुदोषाच्या समजुतीने बंद राहत असे. तो २०२३ साली जूनमध्ये सिद्धरामय्या यांनी उघडविला. बाहेर कोरलेली श्रद्धा आणि आत लावलेली कडी, दोन्ही एकाच दगडी इमारतीत नांदत होती. चामराजनगराला जाणाऱ्या मुख्यमंत्र्याचे पद जाते, ही समजूत तर वर्षानुवर्षे चालली. १९९७ साली जिल्हा झालेल्या त्या गावाकडे राज्याचे प्रमुख पाठ फिरवीत राहिले. २०१३ ते २०१८ या काळात सिद्धरामय्या तेथे अनेकदा गेले आणि त्यांनी पाच वर्षांची मुदत पूर्ण केली. उत्तर प्रदेशात नॉयडाविषयी अशीच समजूत होती. योगी आदित्यनाथ २०१७ साली तेथे गेले आणि २०२२ साली पुन्हा निवडून आले. दोघांचे पक्ष वेगळे, विचार वेगळे. राजकारणाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. आमचे लक्ष त्या गावांकडे आहे. ज्या गावी कोणी मोठा माणूस येत नाही, तेथील अर्जाला वाट कोण करून देणार? अपशकुनी ठरविलेल्या सुनेचे जे होते तेच अपशकुनी ठरविलेल्या जिल्ह्याचे होते.

यावर समजूत जपणारे म्हणतील की २०१८ च्या निवडणुकीनंतर सत्ता गेलीच ना! दैववादाची ताकद येथेच आहे. त्याचा हिशेब कधी मिटत नाही, कारण तो कोणत्याही तारखेपर्यंत उघडा ठेवता येतो. हा हिशेब मिटविण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न महाराष्ट्रात झाला. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या, अशा २०० पत्रिका जमविल्या. सहभागी झालेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या मुलाची हे ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली; बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे नारळीकर २०२५ साली गेले. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकाने २०१७ साली तसाच कायदा केला, पण ज्योतिषाचा व वास्तूचा सल्ला त्यातून वगळला. कायद्याने अघोरी कृत्य थांबविता येते. पांढऱ्या पायाची सून हा शब्दप्रयोग मात्र कायद्याने थांबत नाही. तेथे साहित्यालाच काम करावे लागते.

शेवटी प्रयत्नवादाच्या भक्तांना एक इशारा द्यावासा वाटतो. कष्ट केले की फळ ठरलेलेच, असे छातीठोक सांगणे हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे, आणि ती अधिक निर्दय आहे. २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेला १० लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. उरलेले सगळे करंटे होते काय? आपल्या वाचकांत अशी परीक्षा देऊन थोडक्यात हुकलेले आणि आज निमूटपणे चांगले काम करीत असलेले कितीतरी असतील. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना क्रिया आणि पाचवे दैव. दैवाला तेथे नाकारलेले नाही. त्याला पाचवी जागा दिली आहे. आणि मंडालेच्या तुरुंगात बसून गीतेतून कर्मयोग काढणाऱ्या लोकमान्यांनीही फळ हाती नाही म्हणून हात आवरण्याचा उपदेश केला नाही. 'गीतारहस्य' छापून बाहेर पडले १९१५ साली. त्यापूर्वी शिक्षेची सहा वर्षे सरली होती. कोणत्या मुहूर्तावर सुटका होईल याची चौकशी करीत बसले असते तर तो ग्रंथ झाला नसता.

समर्थांचे सदेवलक्षण याच प्रकाशात वाचावे असे आमचे मत आहे. ते यशाचे हमीपत्र नव्हे. सदेव माणसाला राज्य मिळेल, पैसा मिळेल, बढती मिळेल म्हणून त्याची लक्षणे सांगितलेली नाहीत. तो परोपकारी आहे, कोणाचे मन मोडत नाही, लोकांना हवासा वाटतो, त्याचे अक्षर चांगले आहे आणि त्याने वाचलेले दुसऱ्याला समजते. यांतील बहुतेक गोष्टी आपल्या ताब्यात आहेत. बदली कोठे होईल ते आपल्या ताब्यात नाही. गेल्या जागी मागे काय ठेवून जावे, पुढल्या माणसाला नस्ती वाचता येईल की नाही, दाराशी आलेल्या म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकाला कागद समजावून सांगायचा की 'उद्या या' म्हणायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे. त्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशीचे दैव म्हणजे खिडकीपलीकडे बसलेले आपणच असतो.

वाचकांनी एकोणिसाव्या दशकातील पहिला, तिसरा आणि चौथा हे समास एका बैठकीत वाचावेत आणि त्यांना लागून 'तृतीय रत्न' वाचावे. दोन्ही मिळून एका सुटीच्या दिवसाचे वाचन आहे, आणि त्याला कोणतीही तिथी चालते.